डोंगरातून किती काढायचं? घाटपट्टीतल्या रानासाठी मोजणी, तोडणी आणि राखणीची पद्धत

देठाशी हिरवी राहिलेली, अर्धवट लाल झालेली भिरंडं (कोकमाची फळं) हाऱ्यांतून बाजारात दिसली की त्या डोंगरावर काय चाललंय ते तिथं न जाताही कळतं. फळ झाडावर पिकायला ठेवलं तर दुसरा कुणी नेईल, म्हणून ज्याचा हात आधी पोचला त्याने ओरबाडलं. असल्या फळाची सोलं (आमसुलं) फिकी पडतात, बी कच्चं असतं म्हणून रुजत नाही, आणि घाईत काढताना फांद्याही मोडतात. यंदाचा दर गेला, पुढल्या वर्षाचं पीक गेलं आणि दहा वर्षांनी उभं राहिलं असतं ते झाडही गेलं.

गोव्याच्या घाटपट्टीत, म्हणजे सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत, रानातून निघणाऱ्या बहुतेक मालाचं असंच होतं. खाली दिलेली पद्धत एकट्यादुकट्याने करायची नाही. वाड्यावरची दहा-पंधरा घरं, बचत गट किंवा वनहक्क समिती एकत्र बसली तरच ती चालते. एकाने राखलं आणि दुसऱ्याने लुटलं, तर राखणारा पुढच्या वर्षी लुटणाऱ्यांत जाऊन मिळतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून किती न्यायचं हे ठरवण्याआधी किती ठेवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बाकीचा सगळा लेख त्याच्या तपशिलाचा आहे.

पहिलं काम: जमीन कुणाची ते बघा

तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन एक-चौदाचा उतारा काढा आणि सर्व्हे नंबर नकाशावर ताडून बघा. घाटपट्टीत एकाच उतारावर राखीव जंगल, मोकासो आणि आल्वारा या जुन्या सनदी जमिनी, कोमुनिदादीची म्हणजे गावसमूहाची जमीन आणि खाजगी काजूबाग एकमेकांना चिकटून असतात. डोळ्यांना सगळं एकच रान दिसतं, कायद्याला तसं दिसत नाही.

अभयारण्याची हद्द आधी तपासा. म्हादई (२०८ चौरस किलोमीटर) आणि नेत्रावळी (२११ चौरस किलोमीटर) ही दोन्ही अभयारण्यं १९९९ मध्ये जाहीर झाली. खोतीगाव, बोंडला आणि भगवान महावीर अभयारण्य व मोलेचं राष्ट्रीय उद्यान धरलं तर राज्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा संरक्षित आहे, आणि तो जवळपास सगळा घाटाच्या बाजूला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातला माल व्यापारासाठी बाहेर नेता येत नाही. आतल्या आणि कडेच्या लोकांच्या खऱ्याखुऱ्या घरगुती गरजेपुरती तेवढी वाट ठेवलेली आहे.

दुसऱ्या बाजूने वनहक्क कायदा २००६ गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क देतो. मध, मेण, बांबू, वेत, कंद, औषधी वनस्पती हे सगळं त्या व्याख्येत येतं, आणि हा कायदा अभयारण्यालाही लागू आहे. पण हक्क मान्य झाल्याचा कागद हातात पाहिजे. वैयक्तिक दाव्याला नमुना ‘अ’, सामूहिक हक्काला ‘ब’ आणि सामूहिक वनसंपत्तीला ‘क’ भरायचा, आणि ग्रामसभेपासून सुरुवात करायची. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. धनगर-गवळी नाहीत, म्हणून त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या रानावर राहिल्याचा आणि त्यावर अवलंबून असल्याचा पुरावा जोडावा लागतो. जुनी पावती, मंदिराच्या मानाची नोंद, वयस्कांचं निवेदन, जे मिळेल ते गोळा करा. दावे बहुतेक इथंच अडकतात.

खाजगी जमिनीवर फळ तोडायला कुणी अडवत नाही. झाड तोडायचं असेल तर मात्र १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली स्वतःच्या बागेतही परवानगी लागते. २०१७ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला, तरी माल गाडीत भरण्याआधी वनखात्याच्या आपल्या रेंज कार्यालयात वाहतुकीचं विचारून घ्या. नाक्यावर थांबलेल्या टेम्पोत कळक वाळत बसतो आणि भाडं चढत राहतं.

दुसरं काम: हात न लावायचा भाग आखा

नकाशा घेतला की सगळ्यांत आधी वगळायच्या जागांवर रेघ मारा. देवाची राय, म्हणजे देवराई, पहिली. केरीची अजोबाची राय किंवा नानोडे-बांबरची निरंकाराची राय टिकली ती तिथून काडीही न्यायची नाही या जुन्या नेमामुळे. बांबरच्या रायीत पाणथळीतलं रानजायफळ आहे. त्याची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येऊन श्वास घेतात. त्यांच्यावरून रोज हारे घेऊन दहा माणसं गेली तरी चिखल दाबला जातो, म्हणून अशा जागेतून नुसती पायवाटही नेऊ नका.

दुसरा भाग ओहळाचा. दोन्ही काठांना तीस-तीस मीटर सोडा. उन्हाळ्यात झर जिवंत ठेवायचं काम याच पट्ट्यातली सावली करते. तिसरा भाग उभ्या कड्यांचा. तिथून तसंही कुणी धडपणे काढत नाही, आणि तिथली झाडं खालच्या उताराला बी पुरवतात. ढोली असलेले जुने वृक्ष नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवा. धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. तुमचा तोडणीचा हंगामही तेव्हाच असतो.

तिसरं काम: मोजणी

मोजणी जानेवारीत करा. तेव्हा भिरंडाला फुलं असतात आणि नर-मादी ओळखता येते, हा मोठा फायदा. लागणारं सामान थोडं आहे: ५० मीटरची फीत, सुतळी, लाल चिंध्या, शिंप्याची टेप, ताणकाटा, वही आणि जागेची नोंद होणारा मोबाइल. माणसं चार.

सुतळीने ५०० मीटर लांबीची सरळ रेघ टाका आणि तिच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर धरा. २० गुणिले ५०० म्हणजे बरोबर एक हेक्टर. या पट्ट्यातलं हव्या त्या जातीचं प्रत्येक झाड मोजायचं. छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, घेर घ्यायचा आणि चार रकान्यांत लिहायचा: गुडघ्याखालचं रोप, त्याहून मोठं पण ३० सेंटिमीटर घेराच्या आतलं, ३० ते ६०, आणि ६० च्या वरचं. उतारावर झाडाच्या खालच्या बाजूने नव्हे, चढाच्या बाजूला उभं राहून उंची घ्या, नाहीतर त्याच झाडाचा घेर दर वर्षी वेगळा येतो.

उतारावर अंतर मोजताना नेहमी घोटाळा होतो. फीत जमिनीला लावून मोजली तर ३० अंशांच्या उतारावर २० मीटर म्हणून धरलेलं अंतर नकाशावर १७.३ मीटरच भरतं. पट्टा लहान होतो, झाडं कमी येतात आणि पुढचा सगळा हिशेब ढासळतो. फीत आडवी, पाणसळीत धरा आणि पाच-पाच मीटरच्या पायऱ्या घेत उतरा. वेळ दुप्पट जातो, जाऊ द्या.

सगळे पट्टे वाटेच्या कडेला घेऊ नका. एक ओहळाजवळ, दोन मधल्या उतारावर, एक वर सड्याच्या कडेला असे चार तरी घ्या. वाटेकडची झाडं नेहमीच जास्त ओरबाडलेली असतात, तेवढीच मोजली तर रान आहे त्याहून कंगाल दिसतं. नुसती गच्च भागातली मोजली तर श्रीमंत दिसतं.

रकाने भरले की बघा. लहान रोपं पुष्कळ, मधली कमी, मोठी त्याहून कमी, अशी उतरती भाजणी असेल तर बरं चाललंय. मोठी झाडं भरपूर आणि खाली रोपच नाही, असं दिसलं तर त्या डोंगरावर म्हाताऱ्यांचं गाव उरलंय असं समजा. फळ भरघोस येत असलं तरी कोटा निम्मा करा आणि कारण शोधा: गुरं चरतात का, दर वर्षी आग लागते का, सगळं फळ उचललं जातं का.

चौथं काम: कोटा

समजा ४० हेक्टरचा उतार आहे. चार पट्ट्यांत मिळून भिरंडाच्या २८ फळत्या माद्या मिळाल्या, म्हणजे हेक्टरी सात, आणि सगळ्या उतारावर अंदाजे २८०. आता लहान, मध्यम, मोठी अशी आठ झाडं निवडून त्यांचं सगळं फळ ताणकाट्याने तोला. सरासरी २२ किलो आली असं धरू.

२८० पैकी दर पाचवं झाड, म्हणजे ५६ झाडं, बियाण्यासाठी मुळीच हात न लावता ठेवायची. त्यांच्या बुंध्याला लाल चिंधी बांधा. ही झाडं निवडताना लुळीपांगळी निवडायचा मोह होतो, पण चांगल्या लाल, जाड सालीच्या फळांचीच निवडा. उरलेली २२४ झाडं गुणिले २२ म्हणजे ४,९२८ किलो. त्यातलं दोन तृतीयांश काढायचं, म्हणजे सुमारे ३,३०० किलो. बारा घरं असतील तर प्रत्येकी २७५ किलो. उरलेलं माकडं, शेकरू, कांडेचोर, पाखरं खातील आणि बी लांब नेऊन टाकतील. ते काम पैसे देऊनही माणसाकडून होत नाही.

पाचवा हिस्सा झाडं आणि एक तृतीयांश फळ हा आकडा दगडावरची रेघ नाही. पहिल्या तीन वर्षांसाठी ही सुरक्षित सुरुवात. पुढे रोपांची संख्या बघून वर-खाली करा. आणि हा हिशेब फळाचाच आहे, बांबूला, मधाला, सालीला वेगळा. झाडाचा कुठला भाग नेतो यावर सगळं अवलंबून असतं: फळ नेलं तर झाड उभं राहतं, साल नेली तर बहुधा मरतं, मूळ नेलं तर तिथंच संपलं.

कुणीतरी म्हणेलच, की खाणवाल्यांनी अख्खे डोंगर नेले आणि आम्ही भिरंडं मोजत बसायची का. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा ट्रक थांबले आणि पोटापाण्यासाठी बरेच हात पुन्हा शेती-बागायतीकडे आणि रानाकडे वळले. लोहखनिज एकदाच निघतं. भिरंड दर वर्षी निघतं, म्हणूनच मोजायचं.

पाचवं काम: एकच दिवस

तोडणी सुरू करायचा दिवस मांडावर (गावाने जमायच्या जागी) बसून ठरवा, आणि त्याआधी कुणीही हारा घेऊन चढायचं नाही. सगळ्या पद्धतीतली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट. कॅलेंडरवरची तारीख आदल्या वर्षी ठरवू नका. ठरलेल्या दहा झाडांवर निम्म्याहून अधिक फळ गर्द लाल-जांभळं झालं की त्यानंतरचा पहिला रविवार. दंड पैशांत ठेवला तर भरून मोकळे होतात. त्यापेक्षा पुढच्या फेरीचा वाटा बंद, हे लागतं.

भिरंड

भिरंडात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. नराला कधीच फळ धरत नाही, म्हणून त्याला ‘वांझ’ म्हणत जळणासाठी तोडलं जातं. बी पडून आलेल्या रोपांत साधारण निम्मे नर असतात, ते काढून टाकले की जागा मोकळी होते असं वाटतं. मग आजूबाजूच्या माद्यांचं फळ कमी का झालं ते कुणालाच उलगडत नाही. नराची फुलं झुपक्याने येतात आणि मधे पिवळट पुंकेसरांचा गोळा असतो. मादीचं फूल बहुधा एकटं, मधे हिरवी गोल गाठ असलेलं, तीच पुढे फळ होते. दहा माद्यांमागे निदान एक नर विखुरलेला हवा. जिथं नर कमी दिसतील तिथं त्यांनाही चिंधी बांधा.

काढायला आंब्याचा झेला किंवा आकडी वापरा, खाली ताडपत्री नाहीतर जुनं लुगडं पसरा. फांदी हलवून पाडलं तर हिरवं, पिकलं, फूल, सगळंच येतं. भिरंडाची फांदी आडवी आणि ठिसूळ असते. पाय देऊन चढणारा एका फांदीमागे दोन-तीन वर्षांचं पीक मोडतो. दोन किंवा तीन फेऱ्यांत काढा, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. मेअखेरीच्या वळिवाच्या भीतीने सगळे एकदम तुटून पडतात, कारण भिजलेलं फळ फुटतं आणि त्यावर बुरशी चढते. पण ती भीती वाळवणाची आहे. वाळवायची सोय केली तर तोडणीची घाई आपोआप जाते.

सोलं करताना फळ धुऊन दोन अर्धुकं करा, बी-गर वेगळा काढा. गराच्या रसात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं मीठ घालून साली रात्रभर भिजवा, दिवसा उन्हात वाळवा, पुन्हा त्याच रसात बुडवा. अशी तीन-चार पुटं द्या. ऊन चांगलं असेल तर आठवडाभरात सोल वळते, दाबली तर ओल लागत नाही आणि मोडता मोडत नाही. दहा किलो भिरंडांची ढोबळमानाने एक किलो सोलं होतात. अॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका, आंबटाने ते खातं. चिनीमातीची बरणी किंवा खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिक डबा घ्या. पाऊस आला म्हणून सोलं चुलीवर वाळवायला घेतली तर फळ राखून वाचवलेलं रान लाकडासाठी तोडलं जातं. गटाने एक सौर वाळवणी यंत्र घ्यावं. तेवढे पैसे नसतील तर बांबूच्या सांगाड्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, वर-खाली हवा जायला फटी ठेवून, मांडव करावा.

बी भिरंडेलासाठी (बियांच्या तेलासाठी) विकलं जातं, ते विका. पण वीसातलं एक रानाला परत द्या. हे बी उन्हात वाळलं की मेलं. गर धुवायचा, सावलीत सुकवायचं आणि आठ-दहा दिवसांत पेरायचं, जमिनीत दोन-तीन सेंटिमीटर खोल. पिशवीत लावलं तर महिना-दीड महिना वाट बघा, काही उशिराही येतात. पुढच्या पावसात, आधी मोजणीत जिथं रोपं कमी दिसली तिथंच लावा, अर्धसावलीत. उघड्या सड्यावर लावलेली रोपं पहिल्याच एप्रिलमध्ये जळतात.

कळक, चिवा (बांबूच्या जाती) आणि किल्ल (कोवळे कोंब)

बांबूच्या बेटात वय ओळखता आलं की निम्मं काम झालं. यंदाच्या काठीवर पेरांना साल चिकटलेली असते आणि अंगावर पांढरी भुकटी. दुसऱ्या वर्षीची स्वच्छ हिरवी. तिसऱ्यापासून हिरवा रंग मळतो, दगडफूल चढतं, टिचकी मारली तर आवाज टणक येतो. तोडायची ती तिसऱ्या वर्षाची आणि पुढची. पहिल्या दोन वर्षांच्या काठ्याच नव्या कोंबांना अन्न पुरवतात, त्या नेल्या की पुढच्या पावसात किल्ल बारीक येतं.

यंदा बेटाला जितक्या नव्या काठ्या आल्या त्याहून जास्त तोडायच्या नाहीत, आणि कितीही झालं तरी आठ-दहा काठ्या उभ्या राहायला हव्यात. काटेरी कळकाच्या गच्च बेटात शिरता येत नाही, म्हणून माणसं कडेच्या काठ्या तोडतात. नवे कोंब कडेलाच फुटतात, म्हणजे नेमक्या त्याच मोडतात. त्याऐवजी चढाच्या विरुद्ध बाजूने एक वाट मोकळी करा आणि आतून बाहेर तोडत या. वरून बेट घोड्याच्या नालेसारखं दिसलं पाहिजे. तोड जमिनीपासून एक-दीड वीत उंचीवर, पेराच्या लगेच वर घ्या. दोन पेरांच्या मधे तोडलं तर खुंट्यात वाटी तयार होते, पाणी साचतं आणि कूज खाली कंदात जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत साखर जास्त असते, त्याला भुंगेरा लागतो.

किल्ल काढायचं तर बेटाच्या आतले, दाटीत अडकलेले किंवा ऑगस्टनंतर उशिरा फुटलेले कोंब घ्या. ते तसेही बहुतेक मरतात. जूनच्या अखेरीला कडेला उभा राहिलेला जाड कोंब हा पुढच्या तीन वर्षांनंतरचा बांबू असतो. बाजारात लवकरच्या किल्लाला दर चढा मिळतो, मोह तिथंच आहे. खाताना कापून रात्रभर पाण्यात ठेवून, पाणी फेकून, उकळून घ्या. कच्च्या कोंबात विषारी द्रव्य असतं.

बेटाला एकदम फुलोरा आला तर बी गळेपर्यंत तोड बंद. कळक फुलला की बेट मरतं, आणि बी पडण्याआधी साफ केलं तर त्या जागी पुन्हा काही उगवत नाही. बी पडल्यावर दोन पावसाळे गुरं आत सोडू नका.

मध

आग्या माशीच्या पोळ्यात मध वरच्या, फांदीला धरलेल्या जाड भागात असतो. खालचा रुंद पडदा पिल्लांचा. मशाल लावून सगळं पोळं पाडणारा माश्या जाळतो, पिल्लं मारतो, आणि मधात पिल्लांचा रस आणि राख मिसळते म्हणून मधही आंबवतो. ओल्या पाल्याचा धूर करा, माश्या बाजूला सरकल्या की मधाचा भाग वेगळा कापा, पिल्लांचा पडदा फांदीला जोडलेला राहू द्या. फुलोरा चालू असेल तर माश्या पुन्हा मध भरतात आणि तीनेक आठवड्यांनी दुसरी कापणी मिळू शकते. एका झाडावर चार पोळी असतील तर एकाला हात लावायचा नाही.

पोळं पिळू नका. स्वच्छ फडक्यावर तुकडे करून ठेवा आणि गळू द्या. मधात पाणी २० टक्क्यांच्या आत लागतं. पावसाच्या तोंडावर काढलेला किंवा टोपण न घातलेल्या घरांचा मध त्याहून पातळ असतो आणि बाटलीत फसफसतो. म्हणून मेच्या मध्यानंतर काढू नका. दोरी, हातमोजे, जाळी आणि खाली उभा दुसरा माणूस नसेल तर झाडावर चढू नका.

सातेरी माशी ढोलीत किंवा रोयणीत (वारुळात) राहते, तिचं पोळं लहान आणि मधही थोडा. त्यासाठी रोयण फोडायची नाही. ज्या गावात रोयणीला सातेरी देवी म्हणून पुजतात तिथं हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं.

रोयणीची अळमी, शिकेकाई, तिरफळ

अळमी (खाण्याच्या रानछत्र्या) वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीच्या बागेवर उगवतात, ही बुरशी शेतात लावून पिकत नाही. रोयण खणली की आतला बुरशीचा पोळा तुटतो आणि तिथं अळमी येणं थांबतं. जमिनीलगत सुरीने कापा. कळ्यांना दर जास्त म्हणून सगळ्या कळ्याच नेल्या जातात. प्रत्येक रोयणीवर एक तृतीयांश तरी छत्री होऊन उमलू द्या. वेताच्या किंवा बांबूच्या टोपलीतून न्या, पिशवीत त्या घामेजून संध्याकाळपर्यंत काळ्या पडतात.

शिकेकाईच्या वेलाला काटे, म्हणून खालून कोयत्याने वेलच तोडतात आणि वाळल्यावर शेंगा झोडतात. लांब आकडीने शेंगांचे घोस ओढा आणि जाड वेलाला हात लावू नका. तिरफळाचंही तसंच, काटेरी खोड म्हणून फांद्या पाडतात. बोटाएवढ्या टोकाच्या डहाळीपलीकडे तोड जाऊ नये.

साल, मूळ, चीक: सरळ नको म्हणा

बाहेरचा व्यापारी अशोकाची साल, दालचिनीची साल किंवा कुठल्या कंदाची ऑर्डर घेऊन आला तर गटाने नाकारावी. नरक्याचं उदाहरण सह्याद्रीत सगळ्यांसमोर आहे. त्यातलं कॅम्प्टोथेसिन कर्करोगावरच्या औषधांसाठी लागतं म्हटल्यावर अख्खी झाडं तोडून खोडं पोत्यांतून गेली, आणि गावाच्या हाती जळणाच्या दराहून थोडे जास्त पैसे आले. कंपनीशी व्यवहार करायचाच असेल तर पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत करा. जैवविविधता कायदा २००२ नुसार समितीला संकलन शुल्क लावता येतं.

आग

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास लागलेल्या वणव्यांनी दाखवून दिलं, की मोजणी, चिंध्या आणि कोटा एका दुपारीत राख होऊ शकतात. बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात: काजू वेचायला सोपं जावं म्हणून पाला पेटवला आणि वारा फिरला. काजूखालचा पाला जाळू नका, दाताळ्याने ओढून बुंध्यापासून हातभर दूर गोल आळं करा. ओल टिकते. रानाच्या कडेला फेब्रुवारीतच तीन-चार मीटर रुंदीची पट्टी झाडून स्वच्छ ठेवा, आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बारा ते चार दोन माणसांची पाळी लावा.

वही आणि व्यापारी

वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, घर, जागा, माल, वजन. वजन वाड्यावर एकाच काट्यावर करायचं आणि सगळ्यांसमोर लिहायचं. कोट्याच्या ८० टक्क्यांवर पोचल्यावर सगळ्यांना कळवा, शंभरला पोचल्यावर काटा बंद. तिसऱ्या वर्षी त्याच पट्ट्यांवर, त्याच महिन्यात पुन्हा मोजणी करा. रोपांचा रकाना पहिल्या मोजणीपेक्षा घटला असेल तर कोटा चौथाईने कमी करा, फळ कितीही धरलेलं असो.

कोटा मोडतो तो बहुतेक वेळा उचलीमुळे. फेब्रुवारीत व्यापारी येतो, शाळेची फी किंवा लग्नाचा खर्च पुढे करून आगाऊ रक्कम देतो आणि ‘डोंगराचा सगळा माल माझा’ एवढंच बोलणं होतं. पैसे घेतलेल्या घराला मग तोडणीचा दिवस पाळता येत नाही. उचल घ्यायचीच तर गटाच्या नावावर घ्या आणि चिठ्ठीवर माल किलोत लिहा: ३,३०० किलोपर्यंत, पिकलेलं फळ, ठरलेल्या दिवसानंतर. ‘सगळा माल’ असा शब्द असलेल्या कागदावर सही करू नका.